सोसणें आणि येऊं देणें

इंग्रजी पवित्र शास्त्र वाचणारे आमचे कांहीं उपदेशक मार्काच्या दहाव्या अध्यायांत अडखळतात. 1611 सालच्या भाषांतरांत, प्रभु बालकांविषयीं शिष्यांस आज्ञा करितो तेथें ‘सफर’ हें क्रियापद आहे. आपण प्रवासास सफर म्हणतों, तिचा ह्याशीं संबंध नाहीं. हल्लींच्या इंग्रजींत ह्याचा अर्थ दुःख भोगणें असा होतो; मग प्रभूनें मुलांचा त्रास सोसावयास सांगितलें, असें कोणी समजावें ह्यांत नवल तें काय?

शब्द मुळांत लॅटिन. खालून भार उचलून धरणें हा त्याचा धात्वर्थ. त्यांतून सोसणें, चालूं देणें, होऊं देणें अशा छटा निघाल्या. मूळ ग्रीक क्रियापद मात्र सोडणें, मोकळें करणें ह्या अर्थाचें आहे. पापांची क्षमा करणें ह्यासाठींहि तेंच येतें. शिष्यांनीं वाट अडविली होती, प्रभूनें ती मोकळी करविली. आमच्या मराठी शास्त्रांत ‘येऊं द्या’ असेंच आहे. अमेरिकेंत 1946 सालीं निघालेल्या नव्या कराराच्या सुधारलेल्या भाषांतरांतूनहि येथील जुना शब्द गेला.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायांत त्याच इंग्रजी शब्दाखालीं निराळें ग्रीक क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ खरोखरच सहन करणें हा आहे. पण मूर्खांचें आनंदानें सोसण्याची ती स्तुति नव्हे, टोमणा आहे! दास करणारा, लुबाडणारा, तोंडावर मारणारा, ह्या सर्वांचें ती मंडळी खपवून घेत होती. इफिसकर व कलस्सैकर ह्यांस मात्र पौल हेंच क्रियापद आज्ञा म्हणून लिहितो. तेथें ‘एकमेकांचें’ हा शब्द जोडलेला आहे. करिंथांत सोसणें एकाच बाजूचें होतें.

नवऱ्याचा मार खाऊन एखादी बहीण पाळकाच्या दारीं येते, आणि ‘सोस बाई’ म्हणून तिला परत पाठविण्यांत येतें. असें सांगणाऱ्यानें हा अध्याय पुन्हां वाचावा. कोणी दुसरा गाल पुढें करण्याचें वचन दाखवील. पण दुसऱ्याचा गाल पुढें करण्याचा अधिकार त्या वचनानें कोणास दिलेला नाहीं. मंडळीच्या वडिलांनीं प्रथम तिच्या निवाऱ्याची सोय करावी, नंतर नवऱ्यास जाब विचारावा. 2005 च्या कायद्यानें अशा स्त्रियांसाठीं संरक्षण अधिकारी नेमिले आहेत. तिची इच्छा असल्यास उपदेशकानें तिच्यासोबत तेथवर जावें.