मनातला पहिला प्रश्न



जिभेवर आलेल्या प्रत्येक शब्दाची नोंद होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ओठांपर्यंत येण्याआधीच जो विचार आपण गिळून टाकतो, तोही अल्लाहपासून लपून राहत नाही. अंतःकरणातील गुपिते जाणणारा तोच आहे. म्हणूनच श्रद्धावंताने अधूनमधून स्वतःच्या मनाची झडती घ्यावी. आज आपण अशाच एका विचाराची झडती घेणार आहोत. शहरावर दहशतवादी हल्ला झाल्याची बातमी येते, तेव्हा मीरा रोडला किंवा भाईंदरला राहणाऱ्या मुस्लिमाच्या मनात पहिला प्रश्न कोणता उमटतो?

११ जुलै २००६ चा मंगळवार आठवा. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांनी सुरुवात होऊन अवघ्या ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली अशी नावे एकामागून एक कानावर येत होती आणि त्यांतच मीरा रोड-भाईंदर हेही नाव होते. बॉम्ब पहिल्या वर्गाच्या डब्यांत ठेवलेले होते आणि वेळ कचेऱ्या सुटण्याची होती. १८० हून अधिक माणसे मरण पावली, ८०० हून अधिक जखमी झाली. मृतांत सर्व धर्मांचे लोक होते. मीरा-भाईंदरची निम्मी घरे त्या एका रेल्वेमार्गावर जगतात. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी त्याच मार्गाने परततो. त्या संध्याकाळी फोन लागत नव्हते आणि दारात उभ्या असलेल्या बायका-मुलांना वाट पाहण्यावाचून दुसरे काही करता येत नव्हते.

अशा वेळी मनात एकच भावना नसते. आपला माणूस सुखरूप घरी आला, की शुक्र अदा होतो आणि त्याच क्षणी शेजारच्या दारातील आक्रोश ऐकून त्या आनंदाचीच लाज वाटते. निरपराध प्रवाशांवर असा घाला घालणाऱ्यांविषयी संताप येतो. आणि या सर्वांच्या तळाशी एक भीती असते. या अल्लाह, हे करणारा आपल्यातला निघू नये! उद्या गाडीत चढताना दाढीकडे, टोपीकडे, बुरख्याकडे लोक कसे पाहतील? मुलाला शाळेत काय ऐकावे लागेल? नया नगरमध्ये १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील आपली घरे सोडून आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. त्यांना ही भीती कुणी शिकवावी लागत नाही.

ही भीती पाप आहे काय? नाही. सूरह अल-बकरामध्ये (२:१५५) अल्लाहने माणसाच्या कसोट्या मोजल्या आहेत आणि त्यांत सर्वप्रथम भीतीचा उल्लेख केला आहे. भूक, वित्तहानी आणि जीवितहानी त्यानंतर येतात. हजरत मूसा (अ.) शहर सोडून निघाले, तेव्हा तेही भयभीत होते, कानोसा घेत होते, असे कुरआनच सांगते (२८:२१). प्रेषित मुहम्मद (स.) यांचे डोळे आपल्या चिमुकल्या इब्राहीमच्या मृत्यूने पाणावले होते. इस्लामने माणसाचे काळीज दगडाचे व्हावे, अशी अपेक्षा कधीच केली नाही. भावना येणे आपल्या हाती नाही. मात्र कोणत्या भावनेला आधी आसन द्यायचे आणि तिच्या सांगण्यावरून काय करायचे, हे आपल्या हाती आहे आणि हिशेब त्याचाच होणार आहे.

बातमी ऐकताच दोन प्रश्न उभे राहतात : कोण गेले? आणि कोणी केले? भीती माणसाला दुसरा प्रश्न आधी विचारायला लावते. ईमान पहिला प्रश्न आधी विचारायला शिकवते.

बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत एक प्रसंग आहे. एक अंत्ययात्रा जाताना पाहून प्रेषित (स.) उठून उभे राहिले. सोबत्यांनी सांगितले, की तो मृत मनुष्य यहुदी होता. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले, की तोही एक मानवी जीव नव्हता काय? विचार करा. सोबत्यांच्या मनात आधी ओळख आली, प्रेषितांच्या (स.) मनात आधी मृत्यू आला. त्यांनी लांबलचक उपदेश केला नाही. ते उभे राहिले आणि एक प्रश्न विचारला. पहिला मान मृत माणसाला द्यायचा असतो, एवढे त्या उभे राहण्यातून कळते.

म्हणून हल्ल्याच्या बातमीनंतर आपले पहिले कर्तव्य दुःखाचे आहे. शेजारच्या घरी जाणे, रुग्णालयात रक्त देणे, ज्यांच्या घरी चूल पेटणार नाही त्यांच्याकडे जेवण पोहोचवणे, ही निष्ठा सिद्ध करण्याची प्रमाणपत्रे नव्हेत. ती शेजाऱ्याच्या हक्काची फेड आहे. २००६ च्या त्या संध्याकाळी रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनी घरातल्या चादरी आणून त्यांची झोळी केली आणि जखमींना उचलून नेले. उचलणाऱ्याने उचलल्या जाणाऱ्याचे नाव विचारले नव्हते. सूरह अल-माइदामध्ये (५:३२) एका निरपराधाची हत्या अखिल मानवजातीच्या हत्येसमान ठरवली आहे आणि एकाचा जीव वाचवणे हे अखिल मानवजातीला वाचवण्यासमान ठरवले आहे. या आयतीचा पूर्वार्ध आपण व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगतो. तिचा उत्तरार्ध त्या चादरी आणणाऱ्यांनी न बोलता आचरला.

निषेधाविषयीही एक गोष्ट स्पष्ट असावी. अशा कृत्याचा निषेध करताना पुष्कळांच्या वाक्यात एक ‘पण’ शिरतो. आमच्यावरही अन्याय झाले आहेत, पण त्यांची दखल कोणी घेतली, असा तो सूर असतो. अन्याय झाले, हे खरे आहे आणि त्यांविषयी न्याय मागणे हा आपला हक्क आहे. परंतु ६ वाजून २४ मिनिटांच्या गाडीतील प्रवाशाने ते अन्याय केले नव्हते. कोणताही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हा कुरआनचा सिद्धान्त आहे (६:१६४). या सिद्धान्ताला दोन बाजू आहेत. दहशतवाद्याच्या गुन्ह्याचे ओझे साऱ्या मुस्लिम समाजाच्या खांद्यावर टाकता येत नाही, ही बाजू आपल्याला फार प्रिय आहे. दंगलखोराच्या गुन्ह्याचे ओझे एखाद्या निष्पाप प्रवाशाच्या खांद्यावर टाकता येत नाही, ही दुसरी बाजू आहे. ज्याला पहिली बाजू हवी असेल, त्याने दुसरी डोळे मिटून स्वीकारली पाहिजे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा देण्यास तेथील मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला. त्या नकारात कोणताही ‘पण’ नव्हता.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू : कोणी केले? हा प्रश्न भीतीपोटी आधी विचारणे गैर आहे. परंतु मृतांच्या वतीने, न्यायासाठी तो विचारणे हे कर्तव्य आहे. आणि तो विचारताना आपल्या हातात तराजू कोणता असावा, हे सूरह अन-निसाच्या १०५ ते ११२ या आयतींत सांगितले आहे.

त्यांची पार्श्वभूमी तफ्सीरकारांनी दिली आहे. मदीनेत एका मुस्लिम माणसाने चिलखत चोरले. शोध सुरू झाला, तेव्हा ते एका यहुद्याच्या घरी सापडले. यहुदी सांगत होता, की हे माझ्याकडे ठेवायला दिले आहे. चोराच्या कबिल्यातील लोक एकत्र आले आणि आपल्या माणसाची बाजू घेण्याविषयी त्यांनी प्रेषितांकडे (स.) गळ घातली. पुरावा यहुद्याच्या घरात होता, आरोप करणारे स्वतःला मुस्लिम म्हणवीत होते आणि मदीनेतील वातावरण तणावाचे होते. अशा वेळी दिव्य प्रकटन झाले. विश्वासघातक्यांची वकिली करू नये, अशी ताकीद आली. जो स्वतः पाप करून ते निरपराधाच्या माथी मारतो, तो आळ घेण्याचे आणि उघड पापाचे असे दुहेरी ओझे उचलतो, हेही सांगितले गेले. ज्याच्यावर आळ आला, त्याचा धर्म पाहिला गेला नाही. जो दोषी होता, त्याचा कबिला पाहिला गेला नाही.

बंधू-भगिनींनो, हा तराजू हाती घेऊन गेल्या काही वर्षांकडे पाहा. ११ जुलैच्या खटल्यात विशेष न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवले; त्यांपैकी पाच जणांना फाशीची आणि सात जणांना जन्मठेपेची शिक्षा झाली. एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच मरण पावला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, आरोप सिद्ध करण्यात सरकार पक्ष अपयशी ठरला, असे सांगून सर्वांना निर्दोष ठरवले. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली; मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागणार नाही, हेही स्पष्ट केले.

यानंतर दहाच दिवस होतात न होतात तोच दुसरा निकाल आला. २९ सप्टेंबर २००८ रोजी, रमजानच्या महिन्यात, मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट होऊन सहा जण मरण पावले होते. त्या खटल्यातील सातही आरोपींना विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडले.

आता स्वतःच्या मनाची झडती घ्या. २१ जुलैला मन हलके झाले होते काय? आणि ३१ जुलैला जड झाले होते काय? दोन्ही भावना समजण्याजोग्या आहेत. ज्यांनी १९ वर्षे कारावासात घालवली, त्यांच्या घरी वडील आणि मुलगा यांची भेट झाली, याचा आनंद का वाटू नये? अपराध सिद्ध झाला नसेल, तर शिक्षा देण्यात चूक होण्यापेक्षा क्षमा करण्यात चूक झालेली बरी, असा अर्थ असलेली हदीस तिर्मिजी यांच्या संग्रहात आहे. परंतु मालेगावातील मृताची आई विचारते, की मग माझ्या लेकराला मारले कोणी? आणि भाईंदरमधील मृताची आईही अक्षरशः हाच प्रश्न विचारते. एकीचा प्रश्न आपल्या काळजाला भिडतो आणि दुसरीच्या प्रश्नाला आपण निकालपत्राचे उत्तर देतो, असे होत असेल, तर आपला तराजू खोटा आहे. घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना माप मारणाऱ्या लोकांचा विनाश सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभीच सांगितला आहे. ते इशारे केवळ धान्याच्या मापापुरते आहेत, असे कोणी समजू नये. सहानुभूतीचेही माप मारले जाते.

जे सुटले ते निर्दोष असतील, तर खऱ्या गुन्हेगाराने दुहेरी अत्याचार केला आहे : एक गाडीत बसलेल्यांवर आणि दुसरा कोठडीत बसलेल्यांवर. मग त्या दोन्ही घरांची मागणी एकच ठरते. खरा गुन्हेगार सापडावा, ही मृताच्या कुटुंबाची मागणी आहे आणि निर्दोषावरील कलंक पुसला जावा, ही सुटलेल्याच्या कुटुंबाची. खरा गुन्हेगार सापडल्याखेरीज यांपैकी एकही पुरती होत नाही. म्हणून पुन्हा नीट तपास व्हावा, ही मागणी आपण मोठ्याने केली पाहिजे आणि ती रेल्वेतील मृतांसाठी मालेगावच्या मृतांइतक्याच तळमळीने केली पाहिजे. सत्य आपल्या किंवा आपल्या आप्तांच्या विरुद्ध गेले, तरी साक्ष न्यायाचीच द्यावी (४:१३५) आणि एखाद्या समाजाविषयीच्या रागाने न्याय सोडू नये (५:८), या दोन आज्ञा एकमेकींची पाठराखण करतात. पहिली आपल्यांविषयीच्या मायेला आवर घालते, दुसरी परक्यांविषयीच्या रोषाला.

काही छोट्या गोष्टी आजच आचरणात आणता येतील. पुन्हा कधी अशी बातमी आली, अल्लाह न करो, तर घरात मुलांदेखत पहिले वाक्य मृतांविषयी उच्चारा. नावांची यादी वाचताना त्यांत आपले किती आणि त्यांचे किती, हे मोजू नका. फोनवर आलेला मजकूर शहानिशा केल्यावाचून पुढे पाठवू नका. सूरह अल-हुजुरातची (४९:६) ती स्पष्ट आज्ञा आहे. इमारतीत, कचेरीत कोणी संशयाने पाहिले, तर कटुतेने उत्तर देऊ नका. त्याचेही घर कदाचित त्याच रेल्वेमार्गावर उद्ध्वस्त झालेले असेल. आणि दरवर्षी ११ जुलैला त्या घरांपैकी एखाद्या घराची विचारपूस करा. तेथे तुम्हाला स्वतःची बाजू मांडायची नाही. केवळ बसायचे आहे.

या अल्लाह, आमच्या भीतीला आमच्या करुणेच्या पुढे जाऊ देऊ नकोस. ज्यांचे आप्त गेले, त्यांना धीर दे. ज्यांची उमेदीची वर्षे विनादोष गेली, त्यांना त्याचा मोबदला दे. ज्यांनी निरपराधांचे रक्त सांडले, ते आमच्या नजरेतून निसटले असले, तरी तुझ्या नजरेतून निसटलेले नाहीत, यावर आमचा विश्वास दृढ ठेव. आमच्या शहराला शांती दे आणि आमच्या हातातील तराजू सरळ ठेव. आमीन.