ताटातले शिवार

सज्जनहो, मृगाचा पाऊस झाला की आपला वारकरी आधी तिफण धरतो आणि मग पताका. पेरणी उरकायची, शेत पांडुरंगाच्या हवाली करायचे आणि पंढरीची वाट धरायची, ही आपली रीत. बदनापूरच्या शिवारात त्या दिवसांत कपाशीत, सोयाबीनमध्ये तुरीचे तास पडलेले असतात. माळकरी आषाढी करून परततो तो तूर वीतभर झालेली असते. पौषात तीच शेंगांनी लवते.

या तुरीचा स्वभाव पाहा. मूळ खोल जाते, म्हणून पाऊस गेल्यावरही जमिनीतल्या ओलीवर ती तग धरते. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीला देतात. पाला गळतो, त्याचे खत होते. दाणा माणसाला, चुणी गाईगुरांना, तुराट्या कुडाला आणि चुलीला. घ्यावे थोडे आणि द्यावे पुष्कळ! संताचे लक्षण तरी दुसरे काय सांगतात?

आणि हे धन बदनापूरचे आहे बरे! इथल्या कृषी संशोधन केंद्राने वांझ रोगाला दाद न देणारी बी.एस.एम.आर. ७३६ आणि लवकर हाती येणारी बी.डी.एन. ७११, असे तुरीचे वाण दिले. नावातले ‘बी.डी.एन.’ म्हणजे आपले बदनापूरच. दूरदूरचे शेतकरी हे बी मागून नेतात.

पण आम्ही विचारतो, बदनापूरच्या घरात वरण कुठल्या तुरीचे शिजते? खळ्यावरून सगळी तूर बाजारात जाते, आणि चार महिन्यांनी तोच शेतकरी पिशवी घेऊन दुकानात डाळ मागतो. देशाला तूर पुरत नाही म्हणून ती ब्रह्मदेशातून, आफ्रिकेतल्या मोझांबिकातून येते. २०१५ साली डाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा तूर पिकवणाऱ्यांच्या लेकरांपुढेही पातळ वरण आले. ज्याने पिकवले त्यानेच उपाशी डोळ्यांनी पाहावे, ही कसली व्यवस्था?

कोणी म्हणेल, “महाराज, देव भावाचा भुकेला, डाळ कुठली हे तो विचारतो का?” नाही विचारत. पण अरणच्या सावता महाराजांनी मळा हीच पंढरी मानली. त्यांना देव भेटला तो त्यांच्याच वाफ्यात. शके १२१७ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. आपल्या मातीत राबून आलेल्या घासात सेवा असते, तिची खूण जिभेला नाही, जिवाला पटते.

हाच विचार एकादशीच्या फराळालाही लावावा. साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलमकडून येतो, आणि ज्या कंदाचा तो होतो तो मुळात दक्षिण अमेरिकेचा. खाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. पण नाशिककडच्या डोंगरात आदिवासी शेतकरी वरी पिकवतो, तिची भगर उपवासाला चालते. राजगिरा तर परसातही येतो. मग उपवासाचा पैसा आपल्याच भावाच्या घरी का जाऊ नये?

विकू नका असेही आमचे सांगणे नाही. कर्ज फेडायचे, लेकीबाळींचे करायचे, तर विकावेच लागते. एवढेच करा. खळ्यावर पहिले माप घरासाठी काढा. तूर भिजवून, तेलाचा हात लावून, उन्हात वाळवून जात्यावर भरडा. जाते नसेल तर गावच्या गिरणीत भरडून आणा. दुसरे माप दिंडीच्या पंगतीसाठी आणि गावातल्या भूमिहीन घरासाठी ठेवा. तिसऱ्यापासून पुढे बाजार. १९७२ च्या दुष्काळात परदेशची लाल मिलो ज्वारी खाऊन ज्यांनी दिवस काढले, ती म्हातारी माणसे अजून गावोगाव आहेत. घरातल्या कणगीची किंमत त्यांना विचारा.

येत्या आषाढीला दिंडी दारी येईल, तेव्हा पंगतीत ज्वारीची भाकरी आणि आपल्या शेतातल्या तुरीचे वरण वाढा. वाढताना मुखी नाम असू द्या. शेतात राबणारा तोच, पंगतीत जेवणारा तोच आणि विटेवर उभा आहे तोही तोच. रामकृष्णहरि!