वडील माणसांस काय विचारावें?

घरांतील वृद्ध माणसाच्या मुखांतून कुळाची हकीकत ऐकून घ्यावी, असें सर्वच म्हणतात. परंतु ती ऐकण्यास आपण कोणत्या मनानें बसतों, याचा विचार थोडेच करितात. बहुतेकांस पूर्वजांचा मोठेपणा ऐकावयाचा असतो. वृद्धांजवळ मात्र मोठेपणाबरोबर कांहीं लाजही ठेवलेली असते. ती आपण मागावी काय? आणि हातीं आली म्हणजे तिचें काय करावें?

माझ्या घरचीच गोष्ट सांगतों. शेजारच्या घराशीं आमचा फार वर्षांचा अबोला होता. ओढ्याकांठचा आमचा मळा त्यांनीं कपटानें घेतला, असें माझ्या वडिलांस आजोबांनीं सांगितलें होतें, व मीही तेंच ऐकत वाढलों.

गेल्या उन्हाळ्यांत मी वही घेऊन आजीपाशीं बसलों. तिला साल सांगतां येत नसे. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हां मी नवी नवरी होतें,’ असें ती म्हणे. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजीं झाला. त्यावरून मीं तिच्या लग्नाचें साल लाविलें. असें करीत आम्ही १९७२ च्या दुष्काळापर्यंत आलों. विहीर आटली, बैल विकले, व आजी दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेली. तेथें मिळे ती सुकडी स्वतः न खातां ती पदरांत बांधून मुलांकरितां आणी. १९७३ च्या मे महिन्यांत राज्यांतील अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसें होतीं, हें मीं वाचलें होतें. त्यांत माझी आजी होती, हें मला ठाऊक नव्हतें.

मीं विचारिलें, ‘आणि मळा?’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘बाळा, मळा कोणी लुबाडला नाहीं. त्या सालीं शेजाऱ्यांनींच आम्हांला ज्वारी पुरविली, पुढल्या पेरणीला बैल घेऊन दिले. फेडायला कांहीं नव्हतें, म्हणून तुझ्या आजोबांनीं आपण होऊन मळा त्यांच्या नांवें केला. पोरांपुढें मान खालीं जाऊं नये म्हणून पुढें भलतेंच सांगितलें. हें तुझ्या बापाला सांगूं नकोस.’

वृद्धांची आठवण चुकूंही शकते. म्हणून मीं जुना फेरफार उतारा काढून पाहिला. त्यांत १९७४ सालच्या रीतसर खरेदीखताची नोंद होती.

आतां मोठा पेंच पडला. आजीचा शब्द मोडावा, तर तिचा विश्वासघात होतो. न मोडावा, तर निरपराध शेजाऱ्यावरील आळ तसाच राहतो. कोणी म्हणतील कीं, मेलेल्यांची लाज झांकणें हेंच संततीचें कर्तव्य होय. माझ्या मतें, जी लाज केवळ आपल्याच घरची आहे ती खुशाल झांकावी. परंतु जी झांकण्यासाठीं दुसऱ्याचें नांव काळें करावें लागतें, ती झांकण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तथापि तें सांगणें ज्याचें त्यानेंच सांगावें. आपण तें चोरून नेऊं नये.

म्हणून मीं आजीचीच विनवणी केली. आठ दिवस तिनें ऐकलें नाहीं. नवव्या दिवशीं तिनें वडिलांस जवळ बसवून सर्व सांगितलें. वडील एक शब्दही बोलले नाहींत, व त्या रात्रीं जेवलेही नाहींत. उजाडतांच ते ओढ्याकडे गेले. शेजारी पिकास पाणी देत होता. वडील बांधावर कांहीं वेळ उभे राहिले, आणि मग त्यांनीं त्याला नांवानें हाक मारिली.

वाचकहो, आपल्या घरींही असें एखादें वृद्ध माणूस असेल. त्यास कुळाचा मोठेपणा अवश्य विचारा. परंतु ‘आपण कोणाचें देणें लागतों?’ हेंही विचारा, आणि लवकर विचारा. तें माणूस गेल्यावर देणें राहतेंच. सांगणारें मात्र राहत नाहीं.