उंची

माणसाला आहे त्यापेक्षा उंच व्हावंसं का वाटतं, हा प्रश्न मला आमच्या म्हाताऱ्या सुमोने घातला. सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन 1994 साली सुरू झालेल्या या घराण्याचा 2019 मध्ये वंश खुंटला. आमची मात्र तग धरून आहे. पण पाटे थकले आणि ती मागून बसली. हिंगणघाटची काळी माती पावसात किती जीव लावते, हे कपाशीवाल्यांना सांगायला नको. शेताच्या वाटेवर गाडीचं पोट घासू लागलं, तेव्हा मी ठरवलं, चांगली चार इंच उचलायची!

मिस्त्रीने खाली डोकावून पाहिलं. म्हणाला, "उचलून देतो, काकाजी. पण जोर मागच्याच दोन चाकाले हाये. चिखलात फसाची ते फसनच. फक्त उंचावरून फसन."

एवढं तत्त्वज्ञान मी कीर्तनातही ऐकलं नव्हतं. उंची वाढली म्हणून पकड वाढत नाही. उलट भार वर गेला की वळणावर कलंडायची भीती. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम मूळ घडण परस्पर बदलण्याच्या आड येतं. माणसांना असं कलम लावलं, तर निम्मे पुढारी जप्त होतील!

तरी माझं मन वळेना. तेवढ्यात आई पायरीकडे बघत म्हणाली, "आणखी उंच करतोस? मग मी घरीच बरी."

विषय संपला. जुन्याच मापाचे नवे पाटे बसवले. गेलेली उंची परत मिळवणं वेगळं आणि आपल्याच माणसाला चढता येऊ नये इतकं वर जाणं वेगळं. आता चिखल दिसला की मी उतरून आधी पाऊल टाकून बघतो. आई गाडीत बसून हसते.