तळाची शिवण

कासार आंबोलीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडसमोर ट्रेलरवरून जुनी मोटरबोट येऊन थांबली. बोटीच्या मालकांना शनिवारी सहकुटुंब ताम्हिणी घाटाने कोकणात उतरायचं होतं.

"मिस्त्री, पेट्रोलचा वास येतोय. टाकीला बारीक भोक असेल, वेल्डिंग मारून द्या."

"साहेब, ही टाकी रिकामी केली तरी आत वाफ राहते. ठिणगी पडली की स्फोट! आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. बोटीत ती तळाशी साचून राहते, इंजिनाला स्टार्टर मारायची वाट बघत."

डेक कापून टाकी वर काढली. वरून लख्ख! उलटी केल्यावर मात्र मिस्त्रींच्या हाताखालच्या पोऱ्याच्या बोटाला पांढरी भुकटी लागली. खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे, त्यातले दोन आरपार. टाकीभोवतीचा फोम वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसला होता. टाकी ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमवर हवेने जो पातळ थर धरतो, तोच त्याला राखतो. ओल कोंडली, हवा तुटली, की पत्रा पोखरला जातो.

मिस्त्रींनी नव्या टाकीसाठी पत्रा कापला. पोऱ्याने आर्गन वेल्डिंग केलं. शुक्रवारी संध्याकाळी टाकीची तोंडं बंद करून तीन पाउंड हवा भरली आणि शिवणींवर साबणाचं पाणी फिरवलं.

"वरच्या सगळ्या पक्क्या आहेत," पोऱ्या म्हणाला. "खालची राहू द्या ना. डेक बसल्यावर तिथे कोण बघणार?"

"कुणी बघणार नाही, म्हणून तर आपण बघायचं. उलटी कर."

तळाच्या कोपऱ्यात एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

शिवण घासून नव्याने मारली, पुन्हा हवा भरून तपासली. टाकी फोमऐवजी पाणी न पिणाऱ्या पट्ट्यांवर बसवली, म्हणजे खालून वारा खेळेल आणि ओल निथळेल. यात शनिवार गेला. मालक चिडले. मिस्त्रींनी वाद घातला नाही. जुनी टाकी उलटी करून त्यांच्यापुढे ठेवली. आरपार भोकावरून बोट फिरवताना मालकांना आठवलं, मुलं बसायची ती नेमकी याच्या वर.

"मिस्त्री, डेकला एक झाकण ठेवा," ते म्हणाले. "दरवर्षी उघडून मी स्वतः बघेन."

तात्पर्य : जे काम झाकलं जाणार आहे, ते झाकण्याआधी सर्वांत कसून तपासावं. दिसणारी चूक कुणीतरी दाखवून देतं. झाकलेल्या चुकीची किंमत विश्वासाने वर बसलेला माणूस मोजतो.