उबेची मर्यादा

थंडीपासून देहाचे रक्षण ही गरज आहे. पण ती भागवताना आसक्ती नेमकी कुठे सुरू होते? बौद्ध विनयाने, म्हणजे भिक्षूंच्या नियमसंहितेने, या प्रश्नाचा विचार थेट छपराच्या थरांपर्यंत नेला आहे.

चीवर (वस्त्र), भिक्षान्न, निवारा आणि औषध या भिक्षूच्या चार गरजा. निवारा वापरताना त्याने हेतू स्मरायचा असतो: थंडी, ऊन, वारा, डास यांपासून बचाव आणि ध्यानासाठी एकांत. हेतू ठरला की मर्यादाही ठरते. वैशालीच्या गोतमक चैत्यात बुद्ध कडाक्याच्या थंडीत रात्रभर उघड्यावर बसले आणि थंडी वाजेल तसतसे एकेक वस्त्र पांघरत गेले. चार वस्त्रांत रात्र निभली. त्यावरून भिक्षूंना तीन चीवरांची परवानगी मिळाली. त्यांतली संघाटी, म्हणजे वरून पांघरायचे चीवर, दुहेरी; म्हणजे थर चारच. नियम ठरला तो देहाला लागणारी ऊब पाहून.

आळवी नगरात हस्तक नावाच्या उपासकाने बुद्धांना शिशिरात पानांच्या अंथरुणावर पाहिले आणि झोप सुखाची लागली का, असे विचारले. बुद्धांनी होकार दिला. आतून-बाहेरून लिंपलेल्या, वारा न शिरणाऱ्या घरातही लोभ, द्वेष आणि मोह यांनी होरपळणारा माणूस सुखाने झोपत नाही, हे त्यांनी त्याला पटवून दिले. यात उबदार घराची निंदा नाही. घर काय देऊ शकते आणि काय नाही, एवढेच त्यात स्पष्ट होते.

छन्न भिक्षूने मात्र पुरा झालेला विहार पुन्हा पुन्हा शाकारला, लिंपला. भार वाढून विहार कोसळला. नव्या गवत-लाकडांच्या शोधात त्याने एका ब्राह्मणाचे जवाचे शेतही तुडवले. त्यानंतर छपरावर दोन-तीनच थर घालावेत आणि तेही पीक नसलेल्या जागी उभे राहून, असा नियम झाला. अतिरेकाचा भार वास्तूवर येतो आणि शेजाऱ्यावरही.

बौद्ध परंपरेच्या लडाखमध्ये हा विचार आजही उपयोगी आहे. लेहमध्ये कडाक्याच्या हिवाळी रात्री पारा उणे 20 अंशांच्या आसपास उतरतो. तिथल्या सपाट छपरात पॉप्लरचे वासे, त्यांवर विलोच्या काटक्या, गवत आणि माती असते. गवतात अडकलेली कोरडी, स्थिर हवा उष्णता रोखते. माती जास्त घातली तर मुख्यतः वजन वाढते. घरातली वाफ वर जाऊन थंड थरात पाणी झाली, तर गवत भिजते आणि त्याचा रोधकपणा जातो. म्हणून नवी खोली वाढवताना आधी फटी बुजवाव्यात, वाफ आतल्या बाजूलाच अडवावी आणि छपराला पेलेल एवढाच कोरडा, हलका थर द्यावा.

अशी ऊब साधनेच्या आड येत नाही. थंडीने काकडणारा देह ध्यानाला बसू शकत नाही. म्हणून पुरेसे उबदार घर धर्माला मान्य आहे. गरज भागल्यावरही थर चढवत राहणे मात्र आसक्तीच होय.