नाम आणि रूप

मनुष्य स्वतःचे चित्र काढवून घेतो ते कशासाठी? रूप नश्वर आहे हे तो जाणतो, म्हणूनच ते पटावर राखून ठेवण्याची त्याची धडपड असते. परंतु कोणते रूप राखावे हे ठरविताना तो स्वतःच्या जीवनमूल्यांचीही साक्ष ठेवून जातो.

अठराव्या शतकात बॉस्टन हे इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींतील भरभराटीचे बंदर होते. तेथील धनिकांचा आवडता चित्रकार जॉन सिंगलटन कोपली याने १७६७ साली निकोलस बॉइल्स्टन या व्यापाऱ्याचे चित्र रंगविले. अंगात ‘बॅन्यन’ नावाचा सैल रेशमी झगा (हे नाव आपल्याकडील ‘वाणी’ शब्दाच्या गुजराती रूपावरूनच आलेले), मस्तकावर मखमली टोपी, कोपराखाली हिशेबाच्या वह्या आणि मागे समुद्रात गलबत. पुढल्याच वर्षी त्याने पॉल रिव्हिअर हा चांदीकाम करणारा कारागीर रंगविला. तो साध्या सदऱ्यात, हाती चहाची किटली आणि पुढ्यात हत्यारे घेऊन बसला आहे. एकाचे वैभव दिसते, दुसऱ्याचे कर्म. वैभव दाखविणे हे काही पाप नव्हे. पण ते कोणाच्या श्रमावर उभे आहे याविषयी पट बहुधा मौनच पाळतो.

त्याच प्रांतात प्रिन्स डीमा नावाचा चित्रकार होता. तो हेन्री व क्रिश्चन बार्न्स या व्यापारी दांपत्याचा गुलाम. त्याने आपल्या या धन्यांचीच चित्रे रंगविली. ज्या हाताने धन्याच्या मुखावर तेज चढविले, तो हात धन्याच्या मालमत्तेत मोजला जात होता! १७७३ साली रंगविलेल्या एका चित्रावर त्याचे नाव ‘प्रिन्स डीमा बार्न्स’ असे आहे, म्हणजे धन्याच्या आडनावासह. पुढे स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत राजनिष्ठ बार्न्स इंग्लंडला निघून गेले. डीमा मुक्त होऊन तोफखान्यात दाखल झाला व १७७८ साली मरण पावला. मृत्युपत्रात त्याने नुसते ‘प्रिन्स डीमा’ हे नाव लिहिले, व्यवसाय ‘चित्रकार’ असा सांगितला आणि आपले सर्वस्व मातेला दिले.

धन्यांनी रूप राखले. दासाला आधी आपले नाव सोडवून घ्यावे लागले. म्हणून अशा चित्रांपुढे उभे राहताना रसिकाने मुखावरील तेजाबरोबरच, ते तेज चढविणाऱ्या हातांना आपले म्हणण्याजोगे काय उरले होते, हेही विचारावे. सौंदर्याचा आस्वाद त्याने उणावत नाही. त्याला न्यायाची जोड मिळते.